मोठ्या आतड्याचा तुकडा तपासायला देताय? या चुका टाळा

दुर्बिणीतून तपासणी झाली की बायोप्सीची (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याची) बाटली अनेकदा नातेवाइकाच्याच हातात येते, "एवढी लॅबला पोचवा" म्हणून. निम्मी गडबड तिथूनच सुरू होते.

बाटलीत काय भरलंय ते तिथल्या तिथे विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला स्लाइड बनवायची असेल तर तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन) हवा. सलाइनमध्ये राहिला तर पेशी सडू लागतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात त्याला वेळ लागत नाही. फॉर्मेलिन असेल तर बर्फ नको, फ्रिजही नको. वास घ्यायला झाकण उघडू नका, डोळे-नाक झोंबतील.

याला अपवाद टीबीचा. लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या जागी टीबीही होतो आणि क्रोन्सही (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणारा आजार); दुर्बिणीतून दोन्हींचे व्रण फसवे दिसतात. अशा वेळी कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) वेगळा तुकडा सलाइनमध्येच घेतात, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. म्हणजे बाटल्या दोन, आणि सलाइनवाली लगोलग पोचवायची. अदलाबदल झाली तर दोन्ही तपासण्या वाया. क्रोन्स समजून स्टेरॉइड सुरू केलं आणि आजार टीबी निघाला, तर तो बळावतो.

सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकणं हीसुद्धा मोठी चूक. अल्सरेटिव्ह कोलायटिस (कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याची सूज; यात व्रणही होतात) सहसा गुदाशयापासून सलग वर चढतो, क्रोन्स मध्ये मध्ये जागा सोडतो. कुठला तुकडा कुठला हेच कळलं नाही तर पॅथॉलॉजिस्ट काय सांगणार? फॉर्मवर नुसतं "कोलायटिस?" असेल तर डॉक्टरांना विनंती करून जुलाब कधीपासून, रक्त पडतं का, पूर्वी टीबी झाला होता का, हे लिहून घ्या. गुडघेदुखीच्या गोळ्याही सांगा. त्यांनीही आतड्यात व्रण होतात.

"आतून सगळं स्वच्छ दिसलं, मग तुकडा कशाला?" असं म्हणू नका. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालीच कळणारी सूज) पाण्यासारखे जुलाब चालूच असतात, पण आतड्याचं अस्तर दुर्बिणीत नॉर्मल दिसू शकतं. (तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस शेंगाचटणी मात्र बंद. सोलापूरकराला हे जड जातं, पण कूट चिकटलेलं असेल तर आतलं दिसणार कसं?)

रिपोर्टवर "नॉन-स्पेसिफिक कोलायटिस" आलं म्हणजे काहीच नाही असं नव्हे. सूज आहे, नेमकं कारण त्या तुकड्यात सापडलेलं नाही. कागद मेडिकलवाल्याला न दाखवता ज्यांनी दुर्बीण घातली त्यांच्याकडेच न्या. गाठ संशयास्पद दिसूनही रिपोर्ट साधा आला तर पुन्हा तुकडा घ्यावा लागू शकतो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो या भीतीने नकार देऊ नका, तिला आधार नाही.

पुढे बार्शीच्या किंवा मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलला जायची वेळ आली, तर नुसता रिपोर्ट घेऊन निघू नका. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तुकडा बसवलेला असतो) मागून घ्या, सही-पावतीसह.