बांगडा गळाला लागला, पुढे काय?

बांगडा आणि कुपा (ट्यूना) चवीला झकास, पण उन्हात पडून राहिले की तेच आधी बिघडतात. त्यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर. ऊब मिळाली की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते शिजवून जात नाही, वासावरून कळेलच असंही नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. पांढऱ्या मांसाच्या माशांना हा धोका कमी, तरी बर्फ त्यांनाही हवाच.

म्हणून मासा वर येताच डोक्यावर एकच नेमका टोला द्या, कल्ल्यांच्या बुडाशी कापा आणि समुद्राच्या पाण्याच्या बादलीत 5 ते 10 मिनिटं रक्त जाऊ द्या. मग लगेच 2 भाग बर्फ, 1 भाग समुद्राचं पाणी. नुसत्या खड्यांमध्ये फटी राहतात, मासा सावकाश गार होतो.

साफ करताना कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडा. उग्र वास बराचसा तिथलाच. तळण्याआधी कोरडा पुसा, तिरके चरे द्या. तवा कडक तापल्यावरच टाका आणि 4 मिनिटं हात लावू नका. कातडी तव्याला धरून असेल तर उलटायची घाई झाली.