गायक सहा, अल्बम एक
गणपतीच्या तोंडावर गिरगाव-परळचे सहा गायक मिळून अल्बम काढताय? मग तो स्पॉटिफायसारख्या ॲपसाठी अपलोड करताना अल्बमच्या कलाकाराच्या रकान्यात सगळ्यांची नावं कोंबू नका. तिथे ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ (अनेक कलाकार) येतं आणि प्रत्येक गाण्यापुढे त्याचा-त्याचा गायक. त्याचं स्पॉटिफाय प्रोफाइल आधीच असेल तर लिंक मागून तीच जोडा. नाहीतर गाणं त्याच नावाच्या भलत्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतं. आधी प्रसिद्ध झालेलं रेकॉर्डिंग असेल तर त्याचा जुनाच आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा ओळख-कोड टाका, म्हणजे आधीचे प्ले सहसा तुटत नाहीत. आणि पैसे? मैत्री कितीही जुनी असो, टक्केवारी अपलोडआधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. रक्कम सहसा अल्बम टाकणाऱ्याच्याच खात्यात जमा होते आणि लेखी नसेल तर हिशेब चहाच्या टपरीवर निघतो.