किनारी शहरातल्या छोट्या सुट्टीचे वेळापत्रक समुद्राला विचारून आखावे

समुद्रकिनाऱ्यावरच्या एखाद्या शहरात मित्रमंडळींसोबत दोन-तीन दिवस घालवायचे ठरले, की बहुतेक गट प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात आणि ती दिवसांमध्ये वाटून टाकतात. इतर शहरांत ही पद्धत चालून जाते. किनाऱ्यावर मात्र ती अनेकदा फसते, कारण सकाळी जिथे खेळायला पुरेशी ओली, घट्ट वाळू असते, तिथे दुपारी कमरेएवढे पाणी आलेले असते, आणि जी खाडी सकाळी आरशासारखी शांत असते, तीच दुपारच्या वाऱ्यात नवख्या माणसाला नाव वल्हवू देत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की आधी समुद्राच्या आणि सूर्याच्या वेळा कागदावर उतरवून घ्याव्यात, पाण्याचे कार्यक्रम त्यानुसार ठरवावेत आणि शहर पाहण्याचे कार्यक्रम उरलेल्या वेळेत बसवावेत. सुट्टी जितकी छोटी, तितका हा क्रम अधिक उपयोगी पडतो, कारण हुकलेली ओहोटी पुन्हा गाठण्याइतका वेळ हाताशी नसतो.

भरती-ओहोटीच्या वेळा

बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे 24 तास 50 मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. याचा अर्थ भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते आणि प्रत्येक वेळ दुसऱ्या दिवशी सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी सातला पूर्ण ओहोटी असेल, तर तिसऱ्या दिवशी ती पावणेनऊच्या आसपास असेल. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, तर भूमध्य समुद्रासारख्या बहुतांशी वेढलेल्या समुद्रांत पाण्याच्या पातळीतला फरक इतका थोडा असतो की कार्यक्रम आखताना तो विचारात घ्यावा लागत नाही. म्हणून ज्या शहरात जायचे आहे, तिथल्याच बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. ते इंटरनेटवर सहज मिळते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. त्या दिवसांत पाणी अधिक वर चढते आणि ओहोटीला अधिक दूर हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि दोन्हींतला फरक सर्वांत कमी होतो. सुट्टीची तारीख हातात असेल, तर कातळावरची डबकी, त्यांतले खेकडे, शंख आणि समुद्रफुले पाहण्यासाठी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी निवडावी, कारण एरवी पाण्याखाली राहणारा कातळ तेव्हाच उघडा पडतो. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी तिथे पोहोचावे आणि पाणी परतू लागताच निघावे. उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या ओलाव्यावर जगणारे जीव उन्हात उघडे पडले तर मरतात.

भरतीचे पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. पहिल्या तासात एकूण चढाचा साधारण बारावा हिस्साच भरतो, त्यामुळे पाणी जागचे हलत नाही असे वाटते; तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून मात्र निम्मा चढ पूर्ण होतो. ओहोटीला चालत जाता येणाऱ्या एखाद्या खडकावर किंवा बेटावर गप्पा मारत बसलेली मंडळी नेमकी याच दोन तासांत अडकतात. अशा ठिकाणी जाताना परतीची वेळ आधीच ठरवून सर्वांच्या फोनवर गजर लावावा.

पाण्यातले खेळ सकाळी

दिवस चढतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येऊ लागतो. हा खारा वारा साधारणपणे दुपारी सर्वांत जोरात असतो. म्हणून कयाक, पॅडलबोर्ड आणि स्नॉर्केलिंग या तिन्ही गोष्टी सकाळी लवकर कराव्यात. पाणी तेव्हा शांत असते आणि तळही स्पष्ट दिसतो. शिडाच्या नावेची सफर मात्र दुपारनंतर अधिक रंगते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर हवेने फुगवलेली खेळणी आणि तरंगत्या गाद्या घेऊन पाण्यात अजिबात जाऊ नये. किनाऱ्याजवळ अशा वेळी पाणी फसवे शांत दिसते आणि हलकी वस्तू पाहता पाहता खोल पाण्यात वाहून जाते.

स्कुबा डायव्हिंग करायचे असेल, तर ते पहिल्या पूर्ण दिवशीच उरकावे. खोल पाण्यात श्वासावाटे शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याआधी विमानात बसले तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन गंभीर त्रास होऊ शकतो. एका साध्या डाइव्हनंतर विमानप्रवासापूर्वी किमान 12 तास आणि एकाहून अधिक डाइव्हनंतर किमान 18 तास थांबण्याची शिफारस आहे. पूर्ण 24 तास सोडले तर उत्तमच. उंच घाटरस्त्याने परतणाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी. छोट्या सुट्टीत शेवटच्या सकाळी डाइव्ह ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा.

नौकेच्या सफरीत कोणाला मळमळण्याची सवय असेल, तर औषध नाव सुटण्यापूर्वी घ्यावे लागते, कारण त्रास सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा मित्राला नावेच्या मधोमध बसवावे आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगावे. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसते का, हे दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकत असेल तर माप बदलून घ्यावे.

एकमेकांकडे लक्ष

गटात पोहता येणारे, थोडेसे पोहणारे आणि अजिबात न पोहणारे असे तिन्ही प्रकारचे लोक असतात, आणि संकोचामुळे अनेकजण आपली खरी तयारी सांगत नाहीत. ही चौकशी निघण्यापूर्वीच, मोकळेपणाने आणि कोणाची थट्टा न करता करावी. पाण्यात जोड्या कराव्यात आणि प्रत्येकाने फक्त आपल्या जोडीदारावर नजर ठेवावी. सर्वांनी सर्वांकडे पाहायचे असे ठरले, की प्रत्यक्षात कोणीच पाहत नाही.

जीवरक्षक असलेला किनाराच निवडावा. अनेक देशांत लाल आणि पिवळ्या आडव्या पट्ट्यांच्या झेंड्यांमधला भाग जीवरक्षकांच्या देखरेखीखाली असतो. एकटा लाल झेंडा मोठा धोका दाखवतो, दोन लाल झेंडे असतील तर पाण्यात उतरायला बंदी असते, आणि जांभळा झेंडा जेलीफिशसारख्या उपद्रवी जीवांची सूचना देतो. स्थानिक पद्धत निराळी असू शकते, म्हणून किनाऱ्यावरचा फलक आधी वाचावा.

किनाऱ्यावर बुडण्याच्या घटनांमागे बऱ्याचदा रिप करंट, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा अरुंद आणि वेगवान प्रवाह असतो. लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात ते पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते आणि वाळूच्या बांधातल्या एखाद्या फटीतून एकवटून बाहेर पडते. गंमत म्हणून उंचावरून पाण्याकडे पाहत बसलात, तर हा प्रवाह ओळखता येतो: दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एक पट्टा शांत आणि गडद दिसतो, किंवा फेस आणि गढूळ पाणी त्या पट्ट्यातून समुद्राकडे सरकताना दिसते. नवखी माणसे लाटा नसलेली जागा सुरक्षित समजून नेमकी तिथेच उतरतात. हा प्रवाह सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेग गाठू शकतो, म्हणजे निष्णात जलतरणपटूलाही त्याच्या उलट पोहता येत नाही. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. शांतपणे तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या कडेला येऊन मग लाटांसोबत परतावे. हा प्रवाह माणसाला पाण्याखाली खेचत नाही, तो फक्त दूर नेतो. एवढे ठाऊक असले तरी घाबरणे बरेच कमी होते. बुडणाऱ्या मित्रामागे विचार न करता उडी मारण्यापेक्षा जीवरक्षकाला बोलावणे आणि तरंगणारी वस्तू फेकणे दोघांच्याही जिवाला अधिक सुरक्षित ठरते.

मद्यपान केल्यानंतर समुद्रात उतरायचे नाही, हा नियम मी कोणत्याही सबबीवर शिथिल करणार नाही. रात्रीच्या पोहण्याबाबतही माझे मत हेच आहे. वाहन चालवणाऱ्याने त्या दिवशी मद्य घ्यायचे नाही, आणि ही पाळी कोणाकोणाची ते सकाळीच ठरलेले असावे.

दुपार शहरासाठी

आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा ऊन सर्वांत तीव्र असते. हे तास संग्रहालय, मत्स्यालय, जुनी बाजारपेठ, एखादी सावलीची गल्ली किंवा लांबलेले जेवण यांसाठी राखून ठेवावेत. संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, म्हणून तो दिवस आधी तपासावा. बंदराचे शहर असेल, तर लोकांच्या रोजच्या वापरातल्या फेरीबोटीने एक फेरी मारावी. पाण्यावरून दिसणारे शहर निराळेच असते आणि खास पर्यटकांसाठीच्या सफरीपेक्षा ही फेरी बहुधा स्वस्त पडते. दीपगृह पाहण्यासाठी खुले असेल, तर वर जाऊन दुसऱ्या दिवशीचा किनारा वरूनच निवडावा.

उन्हाबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. ढगाळ दिवशी सनस्क्रीन लागत नाही असे अनेकांना वाटते, परंतु विरळ ढगांमधून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली पोहोचतो, आणि कोरडी वाळू त्यांतली सुमारे 15 टक्के, तर समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के किरणे परत उसळवतो. त्यामुळे छत्रीखाली बसलेला माणूसही भाजतो. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे 97 टक्के किरण अडवते आणि 50 चे सुमारे 98 टक्के. या दोहोंतला फरक थोडा आहे. खरा फरक पडतो तो भरपूर लावण्याने, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर येताच पुन्हा लावण्याने. पाठीला एकमेकांनी लावून द्यावे, आणि कान, मान व पावलांचा वरचा भाग विसरू नये.

संध्याकाळ आणि रात्र

किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला असेल तर सूर्यास्त पाण्यावर दिसेल. पूर्वेला असेल तर एक पहाट राखून ठेवावी लागेल. सूर्यास्ताला किती वेळ आहे हे पाहण्यासाठी हात लांब करून चार बोटे क्षितिजावर आडवी धरावीत. सूर्य बोटांच्या वर टेकलेला दिसला, तर साधारण तासभर आहे, आणि एका बोटाला सुमारे पंधरा मिनिटे धरावीत. सूर्य बुडताच उठून जाणाऱ्यांचे मोठे नुकसान होते, कारण आकाशाचे सर्वांत सुंदर रंग बऱ्याचदा त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत उमटतात.

पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारासच चंद्र उगवतो, त्यामुळे रात्रीच्या फेरफटक्याला उजेड मिळतो. अमावास्येच्या काळोखात शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर गेल्यास तारे दिसतात आणि नशिबाने साथ दिली तर फुटणाऱ्या लाटेत निळसर चमकही दिसते, जी पाण्यातले सूक्ष्मजीव हलताच सोडतात. ज्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात, तिथे रात्री प्रखर दिवे आणि फ्लॅश वापरू नयेत, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात.

गटाचा हिशेब आणि मोकळा वेळ

प्रत्येकाने आपल्या आवडीची एकच गोष्ट सांगावी आणि ती सर्वांनी मिळून करावी. बाकीचे ऐच्छिक ठेवावे. एक दुपार प्रत्येकाने हवी तशी घालवावी, मग ती झोपेत गेली तरी चालेल. सतत एकत्र राहण्याच्या आग्रहाने चांगल्या मैत्रीतही कुरबुरी सुरू होतात, असे माझे निरीक्षण आहे. पुन्हा भेटण्याची जागा आणि वेळ मात्र नक्की असावी, आणि ती फोन बंद पडला तरी सापडेल अशी ठळक असावी.

जेवण, प्रवास आणि खोली यांसाठी पहिल्याच दिवशी सारखी वर्गणी काढून एकाकडे द्यावी. महागड्या खेळांचा खर्च ज्याने-त्याने करावा, म्हणजे कमी पैसे असलेल्या मित्राला कारण सांगत बसावे लागत नाही. उरलेली रक्कम आणि देणी-घेणी शेवटच्या सकाळी खोली सोडण्यापूर्वी मिटवावीत. ओले कपडे आदल्या संध्याकाळीच गोड्या पाण्यातून काढून वाळत घालावेत, आणि पायाला चिकटलेली वाळू पावडर चोळून झटकल्यावरच गाडीत बसावे.