भेजा फ्राय २ बघायचाच असेल तर असा बघा

पहिलं म्हणजे २००७ चा पहिला पार्ट त्याच दिवशी अजिबात बघू नका, तुलना होते आणि मग दुसऱ्याची पार वाट लागते. किमान आठवडा जाऊ द्या.

दुसरं, अपेक्षा खाली आणा. पहिल्यात काय होतं सांगा, एक फ्लॅट, एक संध्याकाळ, पाठ धरलेला रजत कपूर आणि तिथून हलायलाच तयार नसलेला विनय पाठकचा भारत भूषण, बस्स. पळायला जागाच नाही म्हणून तर हसू यायचं ना, तो फोन उचलायचा आणि आपल्या पोटात गोळा यायचा की आता हा काय घोळ घालणार. २०११ च्या दुसऱ्यात त्यांनी या भारत भूषणलाच क्रूझवर नेलं, मग बेटावर, समोर केके मेननसारखा तगडा नट, पण जागा मोठी झाली आणि गंमत पातळ झाली. जास्त पाणी घातलेल्या आमटीसारखी. पहिल्यातला रणवीर शौरी पण नाहीये यात, ते मला सगळ्यात जास्त खटकलं.

कंटाळा आला की सरळ फॉरवर्ड करा, फक्त केके आणि विनय समोरासमोर असतील तिथे थांबा, तेवढं चालतंय.

आणि मन भरलंच नाही तर मूळ फ्रेंच पिक्चर शोधा, १९९८ चा, फ्रान्सिस वेबरचा ‘ल दिने द काँ’. सबटायटल लावून बघा, जेवताना नको, वाचायचं राहतं.