कवितासंग्रहाचे प्रकाशन : कवितेसाठी वेळ कसा राखावा

कवितासंग्रहाच्या प्रकाशन समारंभात सर्वांत कमी वेळ बहुधा कवितेच्याच वाट्याला येतो. स्वागत, सत्कार आणि मनोगते आटोपून कवी ध्वनिक्षेपकापाशी पोहोचतो, तेव्हा सूत्रसंचालक वेळेअभावी एकच कविता वाचण्याची विनंती करतो. हे टाळायचे असेल, तर निमंत्रणपत्रिका छापण्याआधीच प्रत्येक मिनिटाचा हिशेब मांडावा आणि कवितावाचनासाठी किमान अर्धा तास राखून मगच उरलेला वेळ भाषणांना वाटावा.

मराठी भाषा गौरव दिनाचा, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाचा, मुहूर्त धरण्याचा मोह होतो; परंतु २७ फेब्रुवारीला गावोगावी कार्यक्रमांची इतकी गर्दी असते की श्रोते विभागले जातात, म्हणून एखादा साधा शनिवार बरा. सभागृह लहानच घ्यावे. पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषदेचे माधवराव पटवर्धन सभागृह या कामी सोयीचे आहे, आणि ते नाव कवी माधव जूलियन यांचेच असल्याने औचित्यही आपोआप साधते.

वक्त्यांच्या हाती संग्रह तीन आठवडे आधी पडायला हवा, मग तो अंतिम मुद्रितांच्या रूपात का असेना. व्यासपीठावरच पुस्तक प्रथम पाहणारे अध्यक्ष मुखपृष्ठाची तारीफ करतात आणि पुढची वीस मिनिटे कवितेच्या भवितव्यावर बोलतात. एकाच संध्याकाळी तीन कवींचे संग्रह प्रकाशित होणार असतील, तर प्रत्येकासाठी स्वतंत्र भाष्यकार बोलवावा, कारण तिन्ही संग्रह एकाच वक्त्याकडे सोपवले की तिसऱ्या कवीची बोळवण दोन वाक्यांत होते.

कवीने वाचायच्या कविता घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहाव्यात. गझल एकदा ऐकून पोहोचते. दीर्घ मुक्तछंदातील रचनेचा मात्र एखादाच तुकडा निवडावा.

प्रकाशनाच्या प्रती बांधताना चिकटपट्टी वापरू नये. पाच मान्यवर छायाचित्रकारासमोर नखांनी कागद सोलत उभे आहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. रेशमी फितीची एका ओढीत सुटणारी सरकगाठ पुरते, आणि ती बांधणाऱ्यानेच आदल्या दिवशी सोडून पाहावी.

विक्रीचे टेबल दाराशी असावे, तेथे सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही असावेत, आणि स्वाक्षरी घेणाऱ्याने आपले नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे, म्हणजे कवीला ऱ्हस्व-दीर्घ विचारत बसावे लागत नाही. भेटप्रतींची यादी आधीच ठरवावी, नाहीतर कवितेची लहानशी आवृत्ती आप्तेष्टांतच संपते. त्याच यादीत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियत ग्रंथालये लिहून ठेवावीत, कारण १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत तेथे स्वखर्चाने प्रत पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे.