जिगहेडचा रंग उडतोय? पावडरला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

गळाने मासे मारणाऱ्यांमध्ये घरीच शिसं ओतून जिगहेड, म्हणजे गळ बसवलेलं शिशाचं डोकं (थोडक्यात जिग), करायची हौस वाढली आहे, आणि ती वाढायलाच हवी. खडकाळ जागी तांबोशी-गोबऱ्याच्या मागे लागलं की एका संध्याकाळी चार-पाच जिग कपारीत जातातच, आणि दरवेळी दुकानातून आणायचे तर खिसा रिकामा. त्यावर पावडर कोटिंग करणं, म्हणजे तापवलेला जिग रंगाच्या कोरड्या पुडीत बुडवून ओव्हनमध्ये भाजणं, हाही शहाणपणाच. नेलपॉलिश किंवा स्प्रेचा रंग दगडावर दोनदा आपटला की निघतो. पूर्ण भाजलेली पावडर शिसं चेपलं तरी त्याला धरून राहते. पण ‘पावडर बेकार निघाली, चालतच नाही’ ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता आधी विचारतो, ‘ओव्हन किती वेळ ठेवलास?’ उत्तर ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

ओव्हनच्या बटणावर भरवसा

सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो. अलिबागकडचा एक मुलगा डबाभर गुलाबी-पांढरे जिगहेड घेऊन आला होता. दिसायला देखणे, दुकानात मांडावेत असे. मऊ प्लास्टिकच्या आमिषांबरोबर एका कप्प्यात आठवडाभर राहिले आणि रंग चिकट होऊन सालपटासारखा निघायला लागला. त्याने तोवर दोन नव्या पावडरी आणल्या होत्या. त्यांचाही तोच प्रकार.

कापसाचा बोळा एसीटोनमध्ये भिजवून एका जिगवर दहा-बारा वेळा घासला. बोळा गुलाबी झाला. म्हणजे पावडर वितळली होती, पसरली होती, चमकतही होती, पण पक्की झाली नव्हती. वितळणं आणि पक्कं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास पावडर वितळून गुळगुळीत होते आणि नवशिक्याला वाटतं, झालं काम. पावडरमधल्या राळेचे धागे एकमेकांत गुंतायला मात्र बहुतेक पावडरींना 180 ते 200 अंश आणि दहा ते वीस मिनिटं लागतात. नेमका आकडा खोक्यावर किंवा कंपनीच्या कागदावर असतो, तो बघायचा. ही मिनिटं मोजायची ती शिसं त्या तापमानाला पोचल्यापासून, बटण फिरवल्यापासून नाही.

तो मुलगा थंड ओटीजीत, म्हणजे घरगुती छोट्या ओव्हनमध्ये, माल ठेवायचा, बटण 200 वर न्यायचा आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढायचा. मी एका फेकाऊ जिगला भोक पाडून त्यात मल्टिमीटरची तापमानाची वायर खोचली आणि त्याच्याच पद्धतीने ओव्हन चालवला. पंधरा मिनिटं झाली तेव्हा शिसं जेमतेम दीडशेच्या घरात होतं. त्याच ओव्हनमध्ये वरच्या तापणाऱ्या कांडीजवळ टांगलेले पांढरे जिग पिवळे पडत होते. एकाच ओव्हनमध्ये एक कच्चा, एक करपलेला.

माझी सवय अशी: ओव्हन रिकामाच तापवायचा, माल मधल्या पातळीवर टांगायचा, आणि वर-खाली कांड्यांसमोर पत्र्याचा आडोसा ठेवायचा, म्हणजे कांडीची थेट आच मालाला लागत नाही. एका जिगमध्ये वायर कायम खोचलेली. 180 दिसले की घड्याळ सुरू. शंभर-सव्वाशे ग्रॅमचे जिग आणि दहा ग्रॅमचे एका घाण्यात भाजायचे नाहीत. तुमच्याकडे मल्टिमीटर नसेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, दोन पावडरींच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतो. कच्चा राहिलेला माल फेकूनही द्यायचा नाही. पुसून परत भाजला तर बहुतेक वेळा पक्का होतो. त्या मुलाचाही झाला.

तपासणीचे माझे दोनच प्रकार. एसीटोनचा बोळा, आणि हातोडा. दर घाण्यातला एक जिग ऐरणीवर ठेवून चपटा करतो. रंग शिशाबरोबर ताणला गेला तर पास, कपचे उडाले तर तो घाणा परत ओव्हनमध्ये. एक जिग वाया गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी बाकीचे मोजावेत.

ओलं शिसं

रंगाचा भाग नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. रेवदंड्याच्या बाजूला ओळखीच्या एकाने जुन्या पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, काठाला असतात ती शिशाची नळकांडी गोळा केली. फुकटचं शिसं, सोडतो कोण? धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली, वरून अगदी ठणठणीत. पण वर्षानुवर्षं वापरून काहींची तोंडं चेपून बंद झालेली, आणि आत खाऱ्या पाण्याचा अंश. भांड्यातलं शिसं आधीच वितळलेलं होतं. हा उभा राहिला आणि वरून मूठभर नळकांडी सोडली.

बंदुकीसारखा आवाज झाला आणि अर्धं भांडं उडून पत्र्याला चिकटलं. पाण्याची वाफ होताना ते सोळाशेपटींहून जास्त फुगतं, आणि इथे ते वितळलेल्या शिशाखाली फुगलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मानेवरचे आणि मनगटावरचे डाग आजही आहेत. त्यानंतर त्याचं वाक्य काय, तर ‘वाळवली होती की.’

जुनं, गोळा केलेलं शिसं नेहमी थंड भांड्यात भरायचं आणि मग खालून आच द्यायची. आतली ओल शिसं वितळण्याआधी निघून जाते. शिसं 327 अंशांना वितळतं, त्यामुळे तोवर पाण्याला पुरेसा वेळ मिळतो. वितळलेल्या भांड्यात भर घालायचीच असेल तर शिशाच्या विटा आधी भांड्याच्या कडेवर तापवून घ्यायच्या. पावसाळ्यात कोकणात शेल्फवरच्या विटांनाही दमटपणा धरतो. भंगार आणि ओतकाम एकत्र करायचंच नाही: एक दिवस उघड्यावर वितळवून, मळी काढून विटा पाडायच्या, जिग दुसऱ्या दिवशी, त्या स्वच्छ विटांचे. चष्मा, पायात बूट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. बनियन आणि स्लिपरवर ओतकाम करणाऱ्यांचे व्हिडिओ मला कोणी पाठवू नयेत.

वर जमणारी राखाडी पूड म्हणजे शिशाची मळी, आणि खरं विष तिच्यात जास्त. ती केरसुणीने झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची आणि झाकणाच्या डब्यात बंद करायची. स्वयंपाकघरात, लहान पोरांच्या घरात हे काम नाही म्हणजे नाही. ज्या ओटीजीत जिग भाजले त्यात पुन्हा पाव भाजायचा नाही, बायको कितीही ओरडली तरी दुसरा घ्या. रंगाचा थर बसला की शिसं निरुपद्रवी होतं हाही गैरसमज. थर खडकावर खरचटतोच, आणि खडकात अडकलेला जिग शिशासकट समुद्रातच राहतो. पक्ष्यांच्या पोटात शिसं जातं म्हणून ब्रिटनने 1987 मध्ये बहुतेक वापरातली छोटी शिशाची वजनं बंद केली. आपल्याकडे त्यावर कोणी बोलत नाही.

भंगारातून काहीही उचलणं

टायरवाल्याकडची जुनी चाकाची वजनं चांगली, पण निवडून घ्या. ज्यावर ‘झेडएन’ असेल ते जस्त, ‘एफई’ असेल ते लोखंड. जस्त 419 अंशांना वितळतं, म्हणून भांडं फार तापवू नका, ते वर तरंगत राहील आणि काढता येईल. एकदा मिसळलं की ओतीव ढेकळासारखी येते. गाडीची बॅटरी फोडायची कल्पना डोक्यातून काढून टाका. तिच्यात ॲसिड असतं आणि शिशाबरोबर अँटिमनी, आर्सेनिकही. सोल्डरची तार भरपूर टाकून ‘ओतीव छान येते’ म्हणणारेही भेटतात. शिसं-कथिलाचं मिश्रण 183 अंशांपासूनच वितळायला लागू शकतं, आणि पावडर भाजायला तुम्हाला त्याहून जास्त लागतं. मग जिग ओव्हनमध्येच मान टाकतात आणि दोष पुन्हा पावडरचा.

बाकीच्या, थोडक्यात

साचा सुटावा म्हणून मेणबत्तीची काजळी धरता, ठीक आहे. ती काजळी जिगवर राहते आणि तिच्यावर रंग धरत नाही. एसीटोनने पुसा आणि नंतर बोट लावू नका. ओतल्यावर शक्यतो त्याच दिवशी रंगवा. कोरड्या पॉलिशपेपरने शिसं घासू नका, ती धूळ फुफ्फुसात जाते.

पावडरीत बुडवण्याआधी जिग जास्त तापला तर पावडरचे गोळे बनतात आणि ते खाली लोंबतात. कमी तापला तर ती नुसती झडून जाते. बुडवल्यावर रंग आधी निस्तेज दिसून दोन-तीन सेकंदांत चमकला तर आच बरोबर. एकदाच, झटकन. जाड थर चांगला वाटतो, पण कपचे त्याचेच उडतात.

बिनगळाची गोल वजनं प्लास्टिकच्या डब्यात पावडरसकट हलवून रंगवायची युक्ती उत्तम, पण ती घर्षणाच्या विजेवर चालते. जुलैत रत्नागिरीला ती चालत नाही म्हणून डब्याला दोष देऊ नका, थंडी येऊ द्या.

एमआयडीसीतल्या कोटिंगवाल्याकडून उरलीसुरली पावडर घेताना ‘प्युअर पॉलिएस्टर’ मागा. हायब्रिड, म्हणजे एपॉक्सी मिसळलेली, उन्हात फिकट आणि खडूसारखी होते. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, गोळे होतात.

गळाच्या डोळ्यातली पावडर भाजण्याआधी सुईने काढा. भाजल्यावर काढायला बसलात तर ड्रिल लागतं, डोळ्याजवळचा रंगही सोलतो, आणि मग तुम्ही मला फोन करता.