व्हीसीसी, व्हीडीडी, व्हीएसएस... सप्लायची नावं वाचायला मी कसा शिकलो

डिप्लोमा झाल्यावर नाशिकला अंबड एमआयडीसीत मोटर कंट्रोलची कार्डं बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये लागलो, तेव्हा एवढंच पाठ होतं की व्हीसीसी, व्हीडीडी म्हणजे प्लस आणि व्हीईई, व्हीएसएस म्हणजे मायनस नाहीतर ग्राउंड. परीक्षेला तेवढं पुरतं.

पहिलंच काम एल298 चं आलं, मोटर चालवायची आयसी. पिन 9 ला व्हीएसएस नाव बघितलं आणि सरळ ग्राउंडला जोडून टाकली. कार्ड बनून आलं, पिन 4 ला 12 व्होल्ट बरोबर येतायत, इनपुट येतायत, इनेबल पण आहे आणि मोटर ढिम्म हलत नाही. दुपारपर्यंत मीटर घेऊन बसलो होतो. मग आमच्या सिनियर दादांनी माझ्याच ड्रॉइंगवर बोट ठेवलं, म्हणाले पिन 9 आणि ग्राउंडच्या मधला हा 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर बघ, दोन्ही टोकं ग्राउंडला कशी रे? डेटाशीट उघडलं तर त्या आयसीत व्हीएसएस म्हणजे लॉजिकचा 5 व्होल्ट सप्लाय आणि व्हीएस म्हणजे मोटरचा. ट्रॅक ब्लेडने कापला, 5 व्होल्टची वायर ओढली, मोटर फिरली.

मग दादांनी मुळापासून सांगितलं. ही अक्षरं ट्रान्झिस्टरच्या पायांची: साध्या (बायपोलर) ट्रान्झिस्टरला सी म्हणजे कलेक्टर, ई एमिटर, आणि मॉसफेटला डी ड्रेन, एस सोर्स. व्हीसी म्हटलं तर खुद्द कलेक्टरवरचं व्होल्टेज, म्हणून त्या बाजूच्या सप्लायला अक्षर डबल केलं, व्हीसीसी. जुन्या टीटीएलला, म्हणजे बायपोलर ट्रान्झिस्टरच्या लॉजिक आयसींना, व्हीसीसी 5 व्होल्ट, 4000 सिरीजच्या सीमॉसला, म्हणजे मॉसफेटच्या आयसींना, व्हीडीडी आणि व्हीएसएस, 3 ते 15 व्होल्ट काहीही. आता अॅटमेगा328 हा मायक्रोकंट्रोलर आतून सीमॉसच आहे, तरी पिनवर व्हीसीसीच लिहितात, म्हणजे नाव सवयीने चालत आलंय, त्याच्यावरून व्होल्टेज कधी ठरवू नका.

आता 3व्ही3. पॉइंटच्या जागी व्ही टाकतात कारण झेरॉक्समध्ये टिंब उडालं की 3.3 चे 33 होतात, रेझिस्टरला 4.7 किलोओहमचं 4के7 लिहितात तसंच हे. कायकॅड या सर्किट ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सप्लायची चिन्हं नावावरून जोडली जातात, एका शीटवर +3व्ही3 आणि दुसऱ्यावर +3.3व्ही टाकलं तर त्या दोन वेगळ्या लाइनी झाल्या, सेन्सरला सप्लायच जात नाही आणि ड्रॉइंग मात्र दिसायला एकदम बरोबर. हे माझ्या बाबतीत झालंय, म्हणून सुरुवातीलाच ठरवा कुठलं एक लिहायचं ते.

बाकी व्हीबॅट म्हणजे बॅटरी, व्हीबस म्हणजे यूएसबीचा सप्लाय, व्हीडीडीए मधला ए अॅनालॉगचा. पीसीच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायच्या डब्यातली) 5व्हीएसबी, म्हणजे 5 व्होल्ट स्टँडबाय, ही जांभळी वायर पीसी बंद असला तरी चालू असते, मागचं बटण ऑन असेल तर, तेव्हा तिथे हात घालायच्या आधी प्लग काढा.

नवीन ड्रॉइंग आलं की मी अजूनही आधी कागद घेतो, प्रत्येक आयसीच्या डेटाशीटमधलं पिनचं टेबल बघून कुठल्या पिनला किती व्होल्ट ते लिहून काढतो, आणि मगच वायर जोडायला घेतो.